ओळखीची गिऱ्हाईकं, अनोळखी फॉलोअर

पत्र थोडक्यात: वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून ३६ वर्षांच्या ताईंनी लिहिलं आहे. घरची तीन एकर शेती, पडवीत कांडपाची मशीन. त्यावर गावाचं तिखट-हळद दळून देतात आणि स्वतःचं तिखट नि हळद पाकिटबंद करून विकतात. ऑगस्टमध्ये नागपूरच्या एका डिजिटल मार्केटिंग एजन्सीचा फोन आला. सहा महिन्यांचं पॅकेज, ३६,००० रुपये अधिक जीएसटी. त्यात वेबसाइट, फेसबुक-इन्स्टाचं पेज, पाच हजार फॉलोअर आणि ‘गुगलवर पहिला नंबर, गॅरंटी’. ताईंनी बचत गटातून कर्ज काढून निम्मी रक्कम, जीएसटी धरून २१,२४० रुपये, यूपीआयनं पाठवली. पावती म्हणून व्हॉट्सॲपवर ‘रिसीव्ड’ एवढंच आलं. चार महिन्यांत ऑर्डरी आल्या तीन, त्यातली एक पुण्याच्या भाच्याची. आता एजन्सी उरलेले पैसे मागतेय; नाही दिले तर वेबसाइट बंद करू, लीगल नोटीस पाठवू म्हणते. तेवढ्यात दुसऱ्या एका कंपनीचा फोन आला, ‘तुमचं फसलेलं काम आम्ही २५,००० मध्ये दुरुस्त करून देतो.’ नवरा घरात फारसं बोलत नाही, बोलला तर एकच, ‘तुले सांगतलं होतं ना मी.’ ताईंचा प्रश्न असा: उरलेले पैसे भरून काम पूर्ण करून घ्यावं, दुसऱ्या कंपनीकडं जावं, की खेड्यातल्या बाईनं या ऑनलाइनच्या नादी लागूच नये? ‘वहीत चाळीसेक गिऱ्हाईकं आहेत, पण ती ओळखीची. खरं मार्केट तर ऑनलाइनच ना?’

ताई,

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी आधी हाती घेतो, कारण सगळी गोम तिथं आहे असं मला वाटतं. वहीतली चाळीस गिऱ्हाईकं ओळखीची म्हणून तुम्ही ती मोजतच नाही. ओळखीचा माणूस पैसे देत नाही का? उधारी ठेवतो म्हणा, तो भाग वेगळा. पण ही चाळीस घरं दर उन्हाळ्यात वर्षाचं तिखट-हळद तुमच्याकडून नेतात, घरामागे सरासरी पाच किलो, असं तुम्हीच लिहिलंय. हे झाले दोन क्विंटल. तुमचा वर्षाचा माल पाच क्विंटल. उरलेले तीन क्विंटल हिंगणघाटचा दुकानदार नेतो, आणि तो भाव पाडून नेतो.

म्हणजे दुखणं एवढंच की तीन क्विंटल माल ठोकात जातोय, तो किरकोळीत जायला हवा. घरामागे पाच किलो धरले तर साठ घरं. ताई, तुम्हाला साठ घरं हवी होती आणि तुम्ही पाच हजार फॉलोअर विकत घेतले.

आता जो हिशेब एजन्सीवाल्यानं फोनवर मांडला नाही तो मांडू. थेट विकलं की खर्च जाता किलोमागे साठ रुपये सुटतात, दुकानदाराकडून पंचवीस. आज वर्षाला दोन क्विंटलचे १२,००० आणि तीन क्विंटलचे ७,५००, मिळून १९,५०० रुपये हाती येतात. (तुमची आणि सासूबाईंची मजुरी यात कुठंच धरलेली नाही, हे जाता जाता सांगतो. त्यावर वेगळं पत्र लिहा.) सगळाच्या सगळा माल थेट विकला गेला, एक पाकीट उरलं नाही, तर होतात ३०,०००. म्हणजे मुंबईची सगळ्यात हुशार एजन्सी जरी तुमच्या पडवीत येऊन बसली, तरी ती तुमच्या कमाईत वर्षाला १०,५०० रुपयांपेक्षा जास्त भर घालू शकत नाही. त्यापुढं विकायला मालच नाही! आणि पॅकेज जीएसटीसकट ४२,४८० चं, तेही सहा महिन्यांचं.

एजन्सीनं फसवलं की नुसतंच वाईट काम केलं, हे आपण पुढं बघू. पण ती अगदी प्रामाणिक असती, दिलेला शब्द न् शब्द पाळला असता, तरी हा सौदा बुडीतच होता. त्या पोरानं तुमच्या मालाबद्दल एक तरी प्रश्न विचारला होता का? वर्षाला माल किती निघतो, किलोमागे काय उरतं, आज गिऱ्हाईक कुठून येतं? तुमच्या पत्रावरून तरी नाही. जो हे विचारत नाही त्याच्याकडं एकच पॅकेज असतं आणि ते तो मसालेवाल्यालाही विकतो, मंगल कार्यालयालाही.

ही मला सर्वांनाच सांगावीशी वाटणारी गोष्ट. मोहर्लीकडं दोन खोल्यांचा होमस्टे चालवणारं जोडपं असो, वरूडकडून संत्र्याची पेटी घरपोच पाठवणारा पोरगा असो की तालुक्याच्या गावात शिवणक्लास चालवणारी बाई असो. आपल्याकडं आणखी किती माल आहे, किती खोल्या रिकाम्या राहतात, किती जागा उरतात, आणि त्या भरल्या तर हातात किती पडतील, हा आकडा आधी कागदावर लिहा. जाहिरातीचा खर्च त्या आकड्याच्या आसपास जरी पोचत असेल तरी फोन ठेवून द्या.

तुम्ही सोबत जोडलेला रिपोर्ट मी दोनदा पाहिला. छान रंगीत आहे. त्यात ‘रीच ४१,०००’ असं मोठ्या अक्षरात आहे. रीच म्हणजे एवढ्या खात्यांच्या पडद्यावरून तुमची पोस्ट गेली. एसटीतून जाताना रस्त्याकडेची पाटी डोळ्यापुढून जाते ना, तसं. पाटी दिसलेला प्रत्येक जण उतरून दुकानात येत नाही.

फॉलोअर ३,२००. तुम्ही लिहिलंय की त्यातली बरीच नावं ‘वाचताच येत नाहीत अशा लिपीत’ आहेत. तुमची शंका रास्त आहे. पेजच्या डॅशबोर्डवर प्रेक्षक कुठल्या शहरातले, कुठल्या देशातले हे दिसतं. ते उघडून बघा. वर्धा, नागपूर, यवतमाळ, पुणे अशी नावं वर असतील तर काही तरी काम झालंय. परदेशातली गावं वर असतील तर ते फॉलोअर घाऊकात विकत आणलेले आहेत, आणि ती मंडळी काही आपल्या वरणात तुमची हळद घालणार नाहीत.

‘गुगलवर पहिला नंबर’चा स्क्रीनशॉट तर मजेशीर आहे. शोधायच्या चौकटीत काय टाइप केलंय ते बघा: तुमच्या मसाल्याचं पूर्ण नाव, पुढं गावाचं नाव. अहो, तुमच्या गावच्या पारावर जाऊन तुमच्याच घराचा पत्ता विचारला तर लोक तुमचंच घर दाखवतील. त्यात एजन्सीचं कर्तृत्व काय? ज्याला तुमचं नावच माहीत नाही तो नागपूरचा माणूस नुसतं ‘हळद पावडर’ टाइप करील, आणि तिथं मोठमोठ्या कंपन्या ठाण मांडून बसल्यात. पहिल्या नंबरची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, असं खुद्द गुगलनंच व्यवसायवाल्यांसाठी लिहून ठेवलंय. तेव्हा ‘गॅरंटी’ हा शब्द ऐकला की समजावं, समोरच्याला कामाची माहिती नाही किंवा तुम्हाला ती नसेल असं त्यानं धरलंय. आणखी एक, आपलं पेज शोधायचं तर आपल्या फोनवर शोधू नये. तुम्ही रोज ते उघडता हे त्या फोनला ठाऊक असतं. भाच्याला त्याच्या फोनवर शोधायला सांगा.

गुगलच्या नकाशावर दुकानाची नोंद करणं फुकट आहे, तिची पडताळणीही फुकट. त्यासाठी गुगलच्या नावानं फोन करून कुणी पैसे मागत असेल तर तो गुगलचा माणूस नव्हे.

इथपर्यंतचं नुकसान पैशाचं आहे. मला त्याहून जास्त काळजी वाटली ती पेजवरच्या मजकुराची. तुमच्या पाकिटावर नुसतं ‘हळद पावडर’ आहे. एजन्सीनं मात्र पेजवर लिहिलंय, ‘अस्सल वायगाव हळद’, ‘१०० टक्के सेंद्रिय’, ‘शुगर आणि सांधेदुखीवर रामबाण’. ही तिन्ही वाक्यं आज काढा. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तुमचं बेणं तिथलं असेलही, पण ते नाव मालावर वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. सेंद्रिय म्हणायचं तर प्रमाणपत्र कुठाय, असा प्रश्न येणारच. आणि खायच्या वस्तूनं रोग बरा होतो असं जाहिरातीत म्हणायला अन्नसुरक्षा कायद्यात मनाईच आहे. उद्या कुणी तक्रार केली तर परवान्यावर नाव तुमचं आहे. एजन्सीचा पोरगा तोवर नोकरी बदलून गेलेला असेल.

पेजवर ‘फ्री डिलिव्हरी’ही लिहिलंय. तीन ऑर्डरींच्या पार्सलना तुम्ही किलोमागे सत्तर रुपये कुरियरला मोजलेत, सुटतात साठ. म्हणजे प्रत्येक किलोला दहा रुपये खिशातून. तीनच ऑर्डरी आल्या म्हणून तुम्ही रडताय. मी म्हणतो, बरं झालं बाई, तीनशे नाही आल्या.

आता तुमच्या प्रश्नांकडं येतो. उरलेले पैसे भरू नका. पण नुसतं फोन उचलणं बंद करून गप्प बसू नका आणि रागाच्या भरात आज रात्री मेसेजही टाकू नका. आधी चाव्या आपल्या हाती घ्यायच्या. फेसबुक पेजच्या सेटिंगमध्ये पेज कुणाकुणाच्या ताब्यात आहे ते दिसतं. तिथं तुमच्या नावापुढं पूर्ण नियंत्रण आहे का बघा. असेल तर बाकीच्यांना काढा आणि पासवर्ड बदला. नसेल, तर मागून बघा, आणि नाही दिलं तर सोडून द्या. ३,२०० अनोळखी नावांचं पेज गेलं म्हणून काय बिघडतं? नवीन पेज पंधरा मिनिटांत उघडतं. वेबसाइटचंही तसंच. तिचं डोमेन, म्हणजे तिचा पत्ता, बहुधा एजन्सीनं स्वतःच्या नावावर घेतलंय. म्हणूनच ‘बंद करू’ची धमकी. चार महिन्यांत त्या वेबसाइटवरून एकही ऑर्डर आली नाही असं तुम्हीच लिहिलंय. बंद पडली तर पडू द्या.

मग यूपीआय ॲप उघडून ऑटोपे किंवा मँडेट म्हणून जो भाग असतो तो तपासा. हप्त्याच्या नावाखाली तुमच्याकडून एखादी मंजुरी दाबून घेतली असेल तर तिथूनच रद्द करता येते. पत्रात तसं काही नाही, पण अशा दोन वाचकांची पत्रं गेल्या वर्षी आली होती, म्हणून सांगतो.

जाहिरातींवर ते खरंच काही खर्च करताहेत का, याचाही अंदाज घेता येतो. फेसबुक-इन्स्टाची कंपनी मेटा हिची एक ‘ॲड लायब्ररी’ आहे. ती कुणालाही उघडता येते. आपल्या पेजचं नाव टाकलं की सध्या सुरू असलेल्या जाहिराती दिसतात. काहीच दिसलं नाही तर या घडीला तुमची एकही जाहिरात सुरू नाही. त्याचाही स्क्रीनशॉट काढून ठेवा.

हे सगळं झालं की व्हॉट्सॲपवर आणि ईमेलवर, दोन्हीकडं, साधा मजकूर पाठवा. मी असा लिहिला असता:

‘नमस्कार. ऑगस्टमध्ये तुम्हाला २१,२४० रुपये दिले. त्यात ३,२४० रुपये जीएसटी म्हणून घेतलेत, त्याचं जीएसटी क्रमांकासह बिल द्यावं. आजवर जाहिरातीवर किती खर्च केला, त्याच्या मेटाकडच्या पावत्या द्याव्यात. कबूल केलेली कामं झालेली नाहीत, म्हणून पुढचं काम थांबवावं. उरलेली रक्कम मी देणार नाही आणि न झालेल्या कामाचे पैसे परत हवेत. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक आयोगाकडं जाईन.’

बिलाचा मुद्दा मुद्दामच पहिला घेतलाय. जीएसटीची नोंदणी नसलेल्याला जीएसटी घेताच येत नाही. नोंदणी असेल तर पंधरा अक्षरांचा क्रमांक असतो, महाराष्ट्रातला असेल तर २७ नं सुरू होतो, आणि तो खरा आहे का हे जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर कुणालाही पाहता येतं. ३,२४० रुपये घेऊन बिल न देणाऱ्याला हा प्रश्न आवडत नाही. माझा अनुभव असा आहे की लीगल नोटिशीची भाषा इथंच थोडी मवाळ होते.

आणि नोटीस आलीच तर? येऊ द्या. पैशाच्या बाकीचा वाद दिवाणी असतो, त्यासाठी पोलीस दारात येत नाहीत. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्यानं स्त्रियांना तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अटसुद्धा नाही. हे आपल्याकडं किती कमी बायांना माहीत आहे! नोटीस घेऊन तिथं जा, उत्तर तेच लिहून देतील.

तुमच्या बाजूनं तक्रार करायची तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीतही बोलतात. बरेचदा कंपनीला तिथून विचारणा गेली की प्रकरण मिटतं. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग, ऑनलाइन तक्रार ई-जागृती पोर्टलवर. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही, मुदत दोन वर्षांची. एक अडचण आधीच सांगून ठेवतो. ‘ही सेवा धंद्यासाठी घेतली, म्हणून बाई ग्राहक नाहीत’ असा मुद्दा समोरचा वकील काढू शकतो. पोटापाण्यासाठी स्वतः राबून केलेल्या लहान कामाचा विचार कायद्यात आहे, पण वाद होऊ शकतो. त्यामुळं विधी सेवा समितीतल्या वकिलाला तक्रार दाखवूनच ती भरा. पूर्ण पैसे परत येतील या भरवशावर मात्र राहू नका. निम्मे आले तरी मी त्याला यश म्हणेन.

दुसऱ्या कंपनीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तुमचं काम फसलंय हे त्यांना कुणी सांगितलं, एवढंच त्यांना विचारा. असे नंबर हातोहात फिरतात. त्यांनी ‘मदत’ म्हणून फोनमध्ये एखादं ॲप टाकायला सांगितलं, ओटीपी मागितला तर फोन बंद करा, आणि चुकून पैसे गेलेच तर तासाभराच्या आत १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, कळवा.

आता तिसरा प्रश्न, खेड्यातल्या बाईनं या नादी लागावं का. ‘मी अडाणी म्हणून फसले’ असं तुम्ही पत्रात तीनदा लिहिलंय. मी नागपुरात शिकलो, वीस वर्षं लिहिण्याचा धंदा केला. तरी भावाच्या पुस्तकांच्या दुकानासाठी अशाच एका ‘एक्सपर्ट’ला मी पंधरा हजार मोजले आणि लाजेनं वर्षभर बायकोला सांगितलं नाही. त्या वर्षात त्यानं आमच्याच गल्लीतल्या आणखी दोघांना गाठलं. तुम्ही चार महिन्यांत पत्र लिहिलंत, माझ्यापेक्षा शहाण्याच म्हणायच्या. आता गटाच्या बैठकीतही हे बोला. ते बोलणं जड जाईल, कारण कर्ज गटाचं आहे. पण तोच फोन उद्या गटातल्या पापडवालीला येणार आहे.

ऑनलाइन सोडू नका. फक्त तिथं कशासाठी जायचं ते ठरवून जा: साठ घरं. त्यातली बरीचशी तुमच्या चाळीस घरांच्या ओळखीतच निघतील. वहीतल्या प्रत्येक घराचं कुणी ना कुणी नागपूर, पुणे, हैदराबादला आहे. पोरगी दिली असेल, पोरगा कंपनीत असेल. त्यांना गावची हळद हवी असते, मागायची कुणाकडं ते ठाऊक नसतं. व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप फुकट आहे. त्यात मालाचा कॅटलॉग करता येतो, फोटो, वजन, भाव सगळं टाकून. वहीतल्या चाळीस जणांना एकेक करून मेसेज करा, सगळ्यांना एकच ढकललेला नको. ‘काकू, नवीन हळद एप्रिलमध्ये येईल. आपल्या सुनीलला पुण्याला पाठवायची का? कुरियरचे पैसे वेगळे.’ एवढंच. चाळीसपैकी दहांनी जरी एकेक नाव दिलं तरी साठातली दहा घरं विनाखर्च झाली.

आणि वेळ बघा. हे एजन्सीला कळणं शक्यच नव्हतं, पण तुम्हाला न सुचल्याचं मला नवल वाटलं. जानेवारी ते मार्चमध्ये हळद निघते, शिजते, वाळते, पॉलिश होते. दळून पाकिटात यायला एप्रिल उजाडतो. आपल्याकडं वर्षाचं तिखट-हळद, शेवया, कुरड्या हे सगळं उन्हाळ्यात उरकतं. ऑगस्टमध्ये कुणाच्या घरी हळदीचा डबा रिकामा असतो? पोळ्याच्या तोंडावर त्यांनी तुमच्या हळदीचा ढोल वाजवला. आज डिसेंबर आहे, म्हणजे तुमचा खरा हंगाम अजून पुढंच आहे.

पैसे देऊन जाहिरात करायचीच असेल तर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, स्वतःच्या खात्यातून, दिवसाला शंभर-दीडशे रुपये, दहा दिवस, फक्त नागपूर-वर्ध्यासाठी करून बघा. हजार-दीड हजारांत कळेल, कुणी विचारतं का. विचारणाऱ्या प्रत्येकाला ‘कुठून कळलं?’ हा प्रश्न विचारून वहीत लिहा. वहीत एक रकाना त्याचाच पाडा.

कुणाची मदत घ्यायला माझी ना नाही. चांगलं काम करणारी पोरं-पोरी आहेत, आणि ती एजन्सीतच असतात असंही नाही. उमेदच्या, म्हणजे सरकारच्या बचत गट अभियानाच्या, तुमच्या गटातल्या सीआरपी ताईंना (गावातल्या गटांचं काम बघणाऱ्या) विचारा, कॉलेजात शिकणारी एखादी मुलगी महिन्याला हजार-दीड हजारात फोटो काढून टाकायला तयार होईल. महिन्याचे पैसे महिना संपल्यावर द्यायचे, सहा महिन्यांचं बांधून घ्यायचं नाही. पेज, डोमेन, जाहिरातीचं खातं सगळं तुमच्या नंबरवर आणि ईमेलवर, तिला फक्त काम करण्यापुरती परवानगी. एजन्सीच हवी असेल तर तिच्या तीन जुन्या गिऱ्हाईकांचे फोन नंबर मागा आणि खरंच फोन करा. आणि त्यांना ‘रीच किती’ विचारू नका, ‘गेल्या महिन्यात यांच्यामुळं माल किती गेला’ ते विचारा.

राहता राहिला नवरा. ‘सांगतलं होतं ना’ म्हणणाऱ्यावर उत्तर नसतं. पण वरचा १०,५०० चा हिशेब त्यांना पुढ्यात बसवून समजावून सांगा, आणि एजन्सीला जायचा मेसेज त्यांच्यासमोर पाठवा. कुरियरचं पार्सल हिंगणघाटला नेऊन टाकायचं काम त्यांच्याकडं द्या. माणूस कामाला लागला की बोलणं आपोआप बदलतं, निदान आमच्या घरी तरी.

पत्रासोबत तुम्ही चाळीस सेकंदांची एक क्लिप पाठवलीय, ‘हे असंच’ म्हणून. सासूबाई खाटेवर बसून वाळलेलं हळकुंड कानाशी धरतात, मोडतात, कट्‌कन आवाज येतो आणि आतला गर्द केशरी रंग त्या कॅमेऱ्याला दाखवतात. ‘असं वाजलं तरच दळाले घ्या, नाई तं ठेवा उनात,’ म्हणतात. एजन्सीनं पेजवर काचेच्या विलायती बरणीचा, बाजूला पुदिन्याची पानं ठेवलेला फोटो टाकलाय, तो कुणाच्या घरचा देव जाणे. तो काढा आणि ही क्लिप टाका. पण टाकण्याआधी ‘फ्री डिलिव्हरी’ची ती ओळ पुसा, नाहीतर सासूबाईंमुळं खरंच ऑर्डरी येतील आणि किलोमागे दहा रुपये जात राहतील.